दुसऱ्याची झेंडी

मार्लिसने दुधासाठी फ्रिज उघडला, तर लोण्याच्या डब्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मेलेले मासे तिच्याकडे टकामका बघत होते. आमिषाचे मासे बाहेर ओसरीवर ठेवा, बाहेर सगळं जगच फ्रिज झालंय, असं ती वडिलांना हजारदा सांगून थकली होती. ओन्नी हाकाला यांचं उत्तर ठरलेलं असे. बाहेर ते दगड होतात आणि पाईक मासा दगड खात नाही. गेल्या हिवाळ्यात तर त्यांनी जिवंत मासे न्हाणीतल्या टबात सोडले होते. मार्लिसच्या लेकीने, ट्रूडीने, त्यांना नावंही दिली होती. मग एकेक जण आजोबांबरोबर तळ्यावर जाऊ लागला तसं त्या पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं, आणि समजूत काढायला कोण, तर मार्लिस.

उत्तर मिशिगनमधल्या त्या तळ्याकाठी ओन्नींचं सगळं आयुष्य गेलं होतं. तरुणपणी ते तांब्याच्या खाणीत उतरले. खाण बंद पडल्यावर रस्त्यावरचा बर्फ लोटायची सरकारी गाडी त्यांच्या हाती आली आणि निवृत्त होईपर्यंत ती त्यांनी सोडली नाही. किती का हिमवादळ असेना, पहाटे लोक उठायच्या आत ओन्नींचा रस्ता मोकळा असायचा. कौतुक त्यांना आवडत नसे, पण कुणी रस्त्याबद्दल बोललं की ते खोलीतून उठून जात नसत, एवढं खरं. बायको गेल्यावर ते एकटेच राहायचे. मग नवऱ्याशी फारकत झाल्यावर मार्लिस छोट्या ट्रूडीला घेऊन चार दिवसांसाठी म्हणून आली आणि तिथेच राहिली.

तिला गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम होतं. अंधारातच निघावं लागे. शाळेची बस त्यांच्या फाट्यापर्यंत येत नसे, म्हणून ट्रूडीला शाळेत सोडायचं काम आजोबांचं. रोज सकाळी शंभर म्हाताऱ्यांसाठी ओटची लापशी ढवळताना मार्लिसच्या डोळ्यांसमोर तो वळणांचा रस्ता असायचा, नदीवरचा अरुंद पूल असायचा, लाकडाचे ओंडके लादून भरधाव येणारे ट्रक असायचे. शाळा भरायची वेळ उलटून जाऊन फोन वाजला नाही की तिचा जीव भांड्यात पडे. मग ती स्वतःलाच समजावे, की इतकी वर्षं बर्फात गाडी चालवलेला माणूस आहे, त्याच्याइतकं सुरक्षित कोण.

पण या हिवाळ्यात त्यांनी तिला अगदी वैताग आणला होता. वर्तमानपत्र वाचायचं सोडलं, कारण काय, तर त्यात असतं काय. कॉफी कपाबाहेर ओतायची आणि कपालाच शिव्या द्यायच्या. फाट्यावरची टपालपेटी कुणीतरी धडकून आडवी केली, तर दिवसभर नव्या बर्फगाडीवाल्या पोरांचा उद्धार. मार्लिस म्हणे, म्हातारपण. सत्तरी ओलांडली की सगळेच असे होतात. वृद्धाश्रमात तिला नमुने काय कमी दिसत होते?

त्या शनिवारी दुपारी मागच्या दारावर थाप पडली. डेल्बर्ट निएमी उभे होते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला ओन्नींच्या शेजारी त्यांचं खोपटं, आणि हा शेजार मार्लिसच्या जन्माआधीपासूनचा.

"या ना, डेल्बर्टकाका. कॉफी टाकते."

"कॉफी नको."

डेल्बर्टकाकांनी कॉफीला नको म्हटल्याचं तिने आजवर ऐकलं नव्हतं. "बाबांना काही झालं का?"

"त्याला काय होतंय? धडधाकट आहे. सकाळी माझा मासा ओढून घेतला त्याने."

"काय केलं?"

"माझ्या झेंडीवर गेला. खोपट्यात माझा जरा डोळा लागला होता. बाहेर येऊन बघतो तर हा बाबा माझ्या भोकाशी गुडघे टेकून बसलेला आणि हाताएवढा पाईक बर्फावर तडफडतोय. मी म्हटलं, ओन्नी, चुकून झालं असेल. तर म्हणतो कसा, चुकून नाही, घेतला. वर मान करून."

मार्लिसला पटेना. तळ्यावर पोलीस नाही की कुंपण नाही, आणि तरी सगळं चालतं ते या एका रिवाजावर. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, त्यावर लाकडी फळी आडवी टाकायची, खाली पाण्यात दोरीचं रीळ. माशाने आमिष ओढलं की रीळ फिरतं आणि फळीवरची झेंडी ताडकन उभी राहते. झेंडी दिसली की ओरडायचं, मग ती कुणाची का असेना. दुष्मनाची असली तरी ओरडायचं. पण हात लावायचा तो मालकानेच. मालक झोपला असेल तर दार वाजवून उठवायचा. हे मार्लिसला शिकवलं होतं ते याच ओन्नी हाकालांनी. सहा वर्षांची असताना तिने शेजारच्या दोरीला नुसतं बोट लावलं, तर तिला दिवसभर खोपट्यात बसवून ठेवलं होतं.

"मग मासा कुठे आहे?"

"त्याच्याकडेच. मी काय भीक मागू? कॅफेत सांगून आलोय सगळ्यांना. म्हटलं, तुला दुसऱ्याकडून कळायला नको."

ट्रूडी मैत्रिणीकडे होती, तेवढं बरं होतं. मार्लिस बूट चढवून तळ्यावर निघाली. मागून डेल्बर्टकाका आपल्या खोपट्याकडे चालले होते, कान मात्र पुढे टवकारलेले. तिला आतून संताप येत होता. आठवडाभर परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायची आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या म्हाताऱ्याची वकिली.

ओन्नी खोपट्यासमोर बादली पालथी घालून बसले होते. हातात झारा होता, भोकावर धरू पाहणारी बर्फाची साय ते काढत होते. बाजूला तो पाईक पडला होता, लांबलचक, जबडा वासलेला, अंगाला बर्फ चिकटलेला.

"बाबा, हा मासा डेल्बर्टकाकांचा?"

"होता."

"तुम्ही त्यांच्या दोरीला हात लावलात?"

"लावला."

"का पण?"

"मासा लागला होता म्हणून."

"बाबा, मला राग आणू नका. इतकी वर्षं तळ्यावर कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं नाही, आणि आज अख्खं गाव कॅफेत बसून—"

तेवढ्यात लव्हाळ्यांच्या टोकाशी ओन्नींची झेंडी उभी राहिली. बाजारच्या केशरी झेंड्या डेल्बर्टकाकांच्या. ओन्नींच्या लाल, आईच्या जुन्या कोटाच्या कापडाच्या. ओरडायला मार्लिसचं तोंड सवयीने उघडलं. मग तिने ते मुद्दाम मिटलं. दुसऱ्याच्या झेंडीवर डोळा ठेवतात ना, बघू दे की स्वतःची.

ओन्नींचा चेहरा त्याच बाजूला होता. ऊन लख्ख होतं. झेंडी वाऱ्यावर फडफडत होती. ते शांतपणे झारा झटकत राहिले.

"ओन्नी, झेंडी," पलीकडून डेल्बर्टकाकांनी घुश्श्यातच हाळी दिली. चोर झाला म्हणून काय झालं, रिवाज तो रिवाज.

ओन्नी चटकन उठले. हातमोजा दातांनी ओढून काढला आणि ताडताड निघाले, ते सरळ डेल्बर्टकाकांच्या खोपट्याकडे. तिथे बर्फात रॉकेलचा लाल डबा उभा होता.

"बघ, बघ. परत चालला," डेल्बर्टकाका म्हणाले. "डोळ्यांदेखत."

मार्लिस धावली. डब्याच्या अलीकडेच तिने वडिलांचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "बाबा, थांबा. तो डबा आहे."

"माहीत आहे मला."

"झेंडी कुठे आहे?"

ओन्नींनी मान इकडून तिकडे फिरवली.

"कुठे आहे सांगा."

"धुकं आलंय."

"धुकं कुठलं? ऊन पडलंय." तिने त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "कधीपासून?"

"हरणांच्या शिकारीचा मोसम संपला तेव्हापासून. जरा आधी असेल. रंगाचा ठिपका दिसतो. कुठे आहे ते नीट कळत नाही, एवढंच."

म्हणजे नोव्हेंबर. आणि आता फेब्रुवारी निम्मा संपला होता. मार्लिसच्या डोक्यात एकेक सकाळ उलगडत गेली. पूल, वळणं, ओंडके, आणि मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली ट्रूडी.

"टपालपेटी तुम्ही पाडलीत."

"चुकीच्या जागी होती ती."

"माझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे ती, बाबा."

"तो रस्ता मी इतकी वर्षं लोटलाय. डोळे मिटून चालवीन."

"मिटूनच चालवत होतात की. तुम्ही रस्त्याला ओळखता हो. ट्रकवाला तुम्हाला ओळखतो का? आणि त्या पोरीला काही—" एकदम तिला शंका आली. "ट्रूडीला माहीत आहे?"

ओन्नींनी मान वळवली. "ती सांगते. ट्रक आला की सांगते, कठडा आला की सांगते. हुशार आहे पोरगी. तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलंय."

मार्लिसला वाटलं, यांच्याच भोकात यांना ढकलून द्यावं आणि वर फळी टाकावी. आठ वर्षांची पोर. सकाळी नीट खाऊन जा म्हटलं तर बरं म्हणते, शाळेत नीट वाग म्हटलं तर बरं म्हणते, आणि रोज आजोबांना पूल पार करून देते.

"डेल्बर्टला सांगू नकोस," ओन्नी पुटपुटले.

"ते तुम्हाला चोर म्हणतायत."

"म्हणू दे. चोराला तळ्यावर येता येतं. आंधळ्याला घरात बसवतात."

तिने तळहात पुढे केला. "किल्ली."

"आधी मासा. रीळ सुटलंय, दोरी संपेल."

"किल्ली, बाबा."

"तो लव्हाळ्यात शिरला तर हाती लागायचा नाही."

"मग द्या लवकर."

ओन्नी जागच्या जागी घुटमळले. तळं केवढं मोठं, आणि त्यात त्यांची झेंडी कुठेतरी उभी होती. ती कुठे ते तिने सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून गाडीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे. लव्हाळ्यांच्या टोकाशी. या."

भोकाशी पोचल्यावर त्यांना कुणाची गरज नव्हती. गुडघे टेकून त्यांनी फळी उचलली आणि दोरी दोन बोटांवर घेतली. पाईक आमिष तोंडात धरून पळतो, मग थांबतो, ते फिरवून गिळतो, आणि झटका द्यायचा तो तेव्हाच. ओन्नी वाट बघत राहिले. मग त्यांनी हळूच ओढून पाहिलं. दोरी सैल वर आली, टोकाला गवताचा झुबका.

"गेला," ते म्हणाले. "तुझ्या किल्लीपायी."

"जाऊ दे."

"हा मोठा होता."

"जाऊ दे म्हटलं ना."

ते उठून परत आपल्या बादलीपाशी गेले, चाचपडत तो मोठा पाईक कल्ल्यात बोटं घालून उचलला आणि डेल्बर्टकाकांच्या पायाशी नेऊन टाकला.

"तुझी झेंडी मला माझी वाटली. दिसत नाही मला."

डेल्बर्टकाका आधी माशाकडे बघत राहिले, मग ओन्नींकडे. "किती दिसत नाही?"

"तू आत्ता खांबासारखा दिसतोयस."

"मग आधी सांगायचं ना, गाढवा. मी सगळ्या कॅफेत तुला चोर करून आलो."

"मग जाऊन परत सांग."

"काय सांगू? ओन्नी चोर नाही, आंधळा आहे?"

ओन्नींनी थोडा विचार केला. "सोमवारपर्यंत चोरच राहू दे."

मार्लिसने कपाळावर हात मारला. त्या दोघांना तिथे सोडून ती घरी गेली आणि आधी वृद्धाश्रमाला फोन लावला. सकाळची पाळी सोडायची तर रात्रीची भांडी घासायला यावं लागेल, असं मुकादमबाई म्हणाली. मार्लिस हो म्हणाली. मग डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली.

सोमवारी गाडी मार्लिसने चालवली. शाळेवरून पुढे दवाखान्यात जायचं म्हणून ओन्नी शेजारी बसले होते, आणि घर सोडल्यापासून त्यांच्या तोंडाला खळ नव्हता. ब्रेक नको मारूस, नुसता पाय काढ. वळणाच्या आधी काढायचा, वळणात नाही. तुला शिकवलं कुणी? तुम्हीच, असं ती म्हणाली, तर ते म्हणाले, मग विसरलीस.

"आजोबा, समोरून ट्रक," मागून ट्रूडी म्हणाली.

"मला दिसतोय गं," मार्लिस म्हणाली. "आता मी चालवतेय ना. तू नुसती बस. खिडकीतून बाहेर बघ."

"बरं," ट्रूडी म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

पूल जवळ आला तशी ती पुन्हा पुढे सरकून सीटच्या पाठीला धरून उभी राहिली. "उजवीकडे कठडा," ती हळूच म्हणाली, आणि ओन्नींनी सवयीने मान डोलावली.