वत्सलावहिनी आणि कपाटातला रिसीव्हर

…तर मी असा कपाटामागं डोकं घालून बसलेलो, आणि पलंगावरून गोटीराम ओरडतोय, "अरे खंड्या, लागली का वायर?" कालचं इथवर सांगून झालं होतं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागं जातो.

गोटीराम माझा घोटीच्या शाळेतला सोबती, आता इंदिरानगरात शेजारी. न्हाणीघरात घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं, पलंगाला खिळला. पाणी मागायचं, पांघरूण मागायचं, सगळं वत्सलावहिनींकडं. एकदा रडवेला होऊन म्हणाला, "खंड्या, निदान गाण्याचा आवाज तरी माझ्या हातानं कमीजास्त होऊ दे." त्याच्या पोरानं घेऊन दिलेला गाण्यांचा रिसीव्हर घरात होता, पण वहिनींनी तो धूळ नको म्हणून लाकडी कपाटात कोंडलेला. दार लावलं की रिमोट चालेना. दार उघडं ठेवलं की वहिनी येऊन लावणारच.

वहिनी कळवणकडच्या. नवी वस्तू घरात कोरी राहिलेली त्यांना खपत नाही. मिक्सर, शेगडी, जावयाची मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू. गोटीरामसाठी वॉकर आणला, त्यालाही लावलं. माझ्या नव्या मोबाइलला तर पाठीवर असं लावलं, की नातवाच्या बारशाचे सगळे फोटो तांबडे आले!

दुकानदारानं उपाय दिला. लांब वायर, तिच्या एका टोकाला बोराएवढी काळी डबी. डबी पलंगासमोर भिंतीला चिकटवायची, दुसरं टोक रिसीव्हरच्या पाठीत खुपसायचं. रिमोट डबीला दाखवला की वायर निरोप आत पोचवते. सोपं! डबी चिकटवली, पण रिसीव्हरच्या पाठीला भोकंच भोकं, खाली बारीक इंग्रजी. एकात घातली, काही नाही. दुसऱ्यात घातली, काही नाही.

"अरे, बैल जुंपतोयस का?" गोटीराम.

"तू बटण दाब. तेवढंच काम आहे तुला."

"दाबून दाबून अंगठा गेला माझा!"

शेवटी मोबाइलचा उजेड पाडून एकेक अक्षर लावलं आणि बरोबर भोक सापडलं. घातली वायर. तरी काही नाही! सेल बदलले. काही नाही. गोटीरामनं रिमोट पांघरुणावर आपटला. मी जाळी-जळमटांसकट बाहेर आलो, आणि भिंतीकडं बघितलं.

डबीच्या तोंडावर हळद, हळदीवर ओलं कुंकू, वर तांदळाचे दाणे.

"अहो वहिनी, हे कधी केलंत?"

"तुम्ही मागं होतात तेव्हा. नवी वस्तू आहे ना, भाऊजी."

"अहो, पण तिचं तोंडच बुजवलंत!" मी रुमाल काढला. वहिनींनी माझं मनगट धरलं.

"पूस रे तू!" गोटीराम कडाडला. "साधा आवाज कमी करायला मी हिला हाका मारायच्या, आणि हिचं आपलं कुंकू!"

वहिनींनी मनगट सोडलं नाही. कोपऱ्यात वॉकर उभा होता, अजून न वापरलेला, त्याच्या दांडीवरचं कुंकू तसंच. त्याच्याकडं बघत त्या म्हणाल्या, "हे पलंगावर असताना या घरात कुंकू पुसायचं नाही, भाऊजी. दुसरी डबी आणा, तिला मी कुंकू मागं वायरीवर लावते. ही राहू द्या इथंच, हे आपल्या पायांनी त्या कपाटापर्यंत जातील तोवर."