पेजेसारखं शिजवलेलं इंजिन

बिघडलेलं काहीही समोर ठेवा, मेस्त्री आधी वास घ्यायचा. पंप असो, मिक्सर असो, खाणीवरच्या ट्रकचा भाग असो. मग म्हणायचा, "घाई नाय."

त्याचं गॅरेज गोव्यात, साखळीला. तुम्ही त्या रस्त्याने गेला असाल तर पाहिलंही असेल. तो गेला त्याला आता वर्ष होईल. शटर बंदच असतं.

मी त्याच्याकडे नेलं ते खेळातल्या विमानाचं इंजिन. पेरूएवढं. मांद्र्याला आम्ही दोन खोल्या भाड्याने द्यायचो. एक म्हातारा परदेशी दर हिवाळ्यात येऊन किनाऱ्यावर विमान उडवायचा. शेवटच्या खेपेला विमान माझ्या बायकोला देऊन गेला. लाकूड वाळवीने खाल्लं, इंजिन तिने डब्यात जपलं. "एकदा चालू करून हाडा, आवाज आयकूचो आसा," म्हणायची. मी म्हणायचो, बघूया. नऊ वर्षं बघूया म्हटलं. मग ती गेली.

ती गेल्यावर मी डबा उघडला. इंजिन गंजून गच्च. राकेलात बुडवलं, पकडीने पिळलं. मोडायचंच बाकी होतं.

मेस्त्रीने सगळी हकीगत ऐकली, वास घेतला, ओरखडे बघितले.

"भाऊ, ह्या कोणी केल्यान?"

"मी."

"बायल होती तेव्हा हात लावूक नाय, आता पकड घेऊन लागलात."

खरंच होतं.

"गंज वरवरचो. जुन्या इंधनातला एरंडेल आत सुकान डिंक झालाहा. राकेलान ता सुटाचा नाय."

मागच्या अंगणात त्याने मोडक्या टोपात ट्रकच्या रेडिएटरचं हिरवं कूलंट ओतलं, इंजिन त्यात सोडलं आणि बारीक आचेवर ठेवलं.

"पेज करतंस काय रे?"

"पेजेक वेळ देतात, मग ह्याका नको? आणि घरच्या टोपात करू नकात. वीख आसता ता."

संध्याकाळी बाहेर काढून त्याने बोटाने पंखा ढकलला. ढिम्म. मी पकडीकडे हात नेला. "हात खाली," म्हणाला. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी पंखा केसभर सरकला. मी असतो तर तिथेच जोर केला असता. त्याने इंजिन परत टोपात सोडलं. मी चौथीत शाळा सोडली, पण असा धीर पाचवीत शिकवत असतील असं वाटत नाही.

पुढे त्याने सगळं खोललं, पुसलं, बेअरिंगं बदलली. पुण्याहून असल्या इंजिनाला लागणारं खास तेल मागवलं. इंजिन फळीवर आवळलं, वरच्या प्लगला बॅटरी लावली आणि काठीने पंखा फिरवला. दोनदा नुसतं खोकलं. तिसऱ्यांदा धरलं.

केवढा तो आवाज. समोरच्या दुकानातली माणसं उठून दारात आली. मिनिटभर चाललं आणि तेल संपून गप्प झालं. तेव्हा मला कळलं, मी मोठ्याने रडतोय, आणि आता ते सगळ्यांना ऐकू जाणार.

मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं नाही. पाठ करून त्याने ग्रायंडर चालू केला. माझं रडणं संपेपर्यंत तो तिथेच वाकून उभा होता. हातात घासायला काहीच नव्हतं.