लाईन कापली, तरी ओढ थांबली नाही

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जायचो. घाबरून नाही, कंटाळा यायचा म्हणून. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात, टेस्टिंग लॅबमध्ये, मी एकतीस वर्षं काढली. काम एवढंच – वस्तू ओढून तोडायच्या. सळई, क्रेनचा वायर रोप, वेल्डिंगचा जोड... मशीनमध्ये धरायचं, ओढायचं, कितीला तुटलं ते लिहायचं आणि का तुटलं ते सांगायचं. 'का'चं उत्तर जवळजवळ नेहमी मिळायचं. अशा माणसाने पुढचं सगळं लिहावं हे मलाच विचित्र वाटतं. पण सुमनवहिनी, अरविंददादांच्या पत्नी, मागच्या वर्षी गेल्या. आता ऐकून दुःख होईल असं कुणी उरलं नाही.

आमची टाउनशिप गोविंदपुऱ्याला लागून. आम्ही मूळचे नागपूरचे. आमच्यापासून तिसऱ्या क्वार्टरमध्ये अरविंददादा राहायचे. ग्वाल्हेरचे मराठी, कारखान्यात फोरमन, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत. त्यांना एकच नाद होता – मासे. खायचे नाहीत हं, घर शाकाहारी. पकडायचे, बघायचे, सोडून द्यायचे. वहिनी म्हणायच्या, "ह्यांचं लग्न पाण्याशीच झालंय, मी आपली डबा भरून देणारी."

गोविंदपुऱ्यात कूलरच्या फायबर बॉड्या बनवणारा एक ओळखीचा होता. मोठ्या तलावावर वॉटर स्पोर्ट्सवाल्यांकडे असतात तशा दोन निमुळत्या, एकट्याने बसायच्या होड्या दादांनी त्याच्याकडून करून घेतल्या. कयाक म्हणतात त्यांना. एक स्वतःसाठी, एक माझ्यासाठी. मी मासे पकडत नव्हतो. मी पोहता येणारा म्हणून बरोबर. दादांना पोहता येत नव्हतं.

रायसेनच्या बाजूला, भोपाळपासून तासा-सव्वा तासावर एक जुना बांध, म्हणजे धरणाचा तलाव आहे. नाव लिहीत नाही, तिथे आजही लोक सहलीला जातात. होड्या तिथल्या चौकीदाराच्या खोलीमागे ठेवलेल्या असायच्या. त्या पाण्यात पढीन आहेत – आपण विदर्भात शिवडा म्हणतो तो मासा. माणसाच्या उंचीचा होतो. तोंडात दातांच्या रांगा. गळाने मासे धरणारे हौशी लोक त्याला गोड्या पाण्यातली शार्क म्हणतात.

एका हिवाळ्यात दादांच्या गळाला बांधाच्या त्याच एका कोपऱ्यात तीनदा काहीतरी मोठं लागलं आणि तिन्ही वेळा लाईन, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, तुटली. तिसऱ्या वेळी ते तुटलेली टोकं डबीत घालून माझ्या लॅबमध्ये आले.

"तू तर तोडण्याचा डॉक्टर. बता, क्यूँ टूटी?"

मला मजा आली, खोटं का बोलू. लंच टाइममध्ये ती टोकं लेन्सखाली धरली. पहिली गाठीपाशी तुटली होती. नायलॉनची गाठ कोरडी ओढली की घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. ती थुंकीने ओली करून सावकाश आवळायची. दुसरी दातांनी कुरतडली होती. तिसरी होडीच्या कडेवर घासली होती.

पुढचे दोन महिने मी त्यांच्यापेक्षा जास्त नादावलो. गळाजवळ हातभर स्टीलची बारीक तार लावली, म्हणजे दात चालणार नाहीत. होडीची कड पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. रॉडवर लाईन गुंडाळलेल्या रिळाचा ब्रेक स्प्रिंगच्या काट्याने मोजून असा लावला, की लाईनच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओढ बसताच रीळ फिरून लाईन सुटावी. दादांना शिकवलं की मासा ओढेल तिकडे होडीचं नाक वळवा, होडी जाऊ द्या त्याच्यामागे. होडी ओढून ओढून तोच दमेल. तो होडीखालून पलीकडे गेला तर रॉडचं टोक पाण्यात बुडवा, म्हणजे लाईन कडेवर घासणार नाही.

"आता तुटणार नाही," मी म्हणालो.

फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे साडेनऊ. वारा अजिबात नाही. गेट बंद आहे, पाणी कुठेच सोडलेलं नाही हे चौकीदाराने सकाळीच सांगितलं होतं. दादा पुढे, मी मागे साठेक हातांवर. त्याच कोपऱ्यात रॉड वाकला.

सगळं मी सांगितल्याप्रमाणे झालं. रीळ कर्रर्र करून सुटलं, दादांनी नाक वळवलं, होडी सरकायला लागली. ते वळून माझ्याकडे बघून हसले. "टिक गयी, विनू."

होडी माणूस चालतो त्या वेगाने निघाली. दहा मिनिटं झाली. मासा असा जात नाही – तो हिसके देतो, थांबतो, खाली बसतो. हे एका सरळ रेषेत, एका वेगाने चाललेलं. माझ्या मशीनसारखं. मी वल्हं मारत मागे होतो, पण अंतर कमी होत नव्हतं.

"दादा, बास आता. कापा."

 मी पुन्हा ओरडलो. तेव्हा त्यांनी रॉड उचलून मला दाखवला. रॉड सरळ होता. टोकावरून वीतभर लाईन सैल लोंबत होती.

"कापली," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, जणू कँटीनमध्ये बोलताहेत. "केव्हाची कापलीय विनू. फिर भी खींच रहा है."

त्यांचं वल्हं मांडीवर आडवं होतं. आणि होडी चालली होती. नाकाशी पाणी दुभंगत होतं ते मी बघितलंय. माझ्या शेजारी वाळलेली पानं तरंगत होती, ती जागची हलत नव्हती.

"उडी मारा. लाईफ जॅकेट आहे अंगावर, मी येतोच."

"पाय उठत नाहीत रे."

मी जीव खाऊन वल्हं मारलं. खांदे भरून आले. साठ हातांचे पंचावन्न झाले नाहीत. समोर बांधाचा तो भाग होता जिथे बुडालेल्या बाभळींचे खुंट पाण्याच्या जेमतेम खाली उभे आहेत. फायबरची होडी त्यावर फाटली असती, आणि खाली त्या काट्यांत जॅकेटसकट माणूस अडकला असता.

तेव्हा सुचलं. "दादा, रिळावर उरलेल्या लाईनला शिशाचं वजन बांधा. माझ्याकडे फेका."

त्यांनी बांधलं. त्यांचा नेम कधी चुकायचा नाही. शिसं माझ्या होडीपलीकडे पडलं. मी लाईन पकडली, शिसं तोडून टाकलं आणि टोक माझ्या सीटच्या कडीला बांधलं. "ब्रेक आवळा, हळूहळू," म्हणालो आणि उलटं वल्हं मारायला लागलो.

लाईन ताणली. पाण्याबाहेर आली, तिच्यावरून थेंब उडाले. दादांची होडी मंदावली... मला स्पष्ट जाणवलं. माझीही पुढे ओढली जात होती, पण दोघांचा मिळून वेग निम्मा झाला. दादा माझ्याकडे बघत होते. दोन-तीन मिनिटं असं चाललं असेल. मला वाटलं, जमतंय.

मग कडीपाशी टच्च झालं.

रॉड नाही मोडला, रीळ नाही तुटलं. माझी गाठ गेली. घाईत मी ती कोरडीच ओढली होती. लोकांना शिकवणारा मी. दादांनी नुसती मान हलवली, म्हणजे असू दे, अशी. आणि पाठमोरे झाले.

होडी खुंटांपासून चार हातांवर आपोआप थांबली. कशामुळे थांबली, माहीत नाही. मी पोचलो तेव्हा ते समोर पाण्यात बघत बसले होते. मी त्यांची होडी माझ्या होडीला बांधून ओढत किनाऱ्याला आणली. ते आत बसलेले असूनही रिकाम्या खोक्यासारखी हलकी आली.

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "सुमनला सांगू नकोस."

इथे संपलं असतं तर मी तुम्हाला पाण्याखालचा प्रवाह, माझा थकवा, असं काहीतरी सांगून मोकळा झालो असतो. पंधरा दिवसांनी संध्याकाळी ते माझ्या दारात आले. आत येऊन बसले नाहीत, भिंतीला पाठ टेकून उभे राहिले.

"विनू, अजून ओढतंय."

"काय?"

"इथून." बेंबीच्या वर त्यांनी बोट ठेवलं. "दुखत नाही. बस, खींचता है. तोंड कुठेही करू दे, समोरूनच."

मी त्यांना कारखान्याच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. मग शहरात दोन डॉक्टरांकडे. सोनोग्राफी, नसांची तपासणी, सगळं नॉर्मल. एकाने टेन्शन म्हटलं, झोपेची गोळी दिली. टाउनशिपच्या सपाट रस्त्यावरून ते उतारावरून खाली येणाऱ्या माणसासारखे मागे रेलून चालायचे. लोक म्हणायचे, दादांना कंबरेचा त्रास आहे. चपलांच्या टाचा महिन्याभरात झिजायच्या. दुपारी आडवे झाले की वहिनी त्यांचं मनगट आपल्या पदराला बांधून बसायच्या, का ते न विचारता. मला एकदा स्वयंपाकघरात म्हणाल्या, "तुम्ही दोघं काहीतरी लपवताय. सांगू नका. फक्त ते बरे होतील का एवढं सांगा." मी नळाखाली डबा धुवून ठेवला.

दादांनीही एकदाच विचारलं. "तू इतनी चीज़ें टेस्ट करतोस. यावर काही नाही?"

एखादी सळई असती तर मी रात्रंदिवस मशीनपुढे बसलो असतो. माणूस कशात धरायचा? मी त्यांना म्हटलं, होईल कमी. मनात एकच चालू असायचं – तीन वेळा तुटली होती. तीनही वेळा ते डब्यातली पोळी खाऊन, हसत घरी आले होते. चौथ्या वेळी मी तुटू दिली नाही.

दीड वर्षाने ते हॉस्पिटलमध्ये वारले. हृदय, डॉक्टर म्हणाले. वजन अर्धं झालं होतं. त्या दुपारी वहिनी आंघोळीला घरी गेल्या होत्या, मी स्टुलावर बसलो होतो. चारचा सुमार, वॉर्डमध्ये ऊन आलेलं.

"विनू, हात धर."

मी धरला. आणि तेव्हा मला पहिल्यांदा ते जाणवलं. त्यांचा हात सैल होता, बोटंसुद्धा मिटलेली नव्हती, आणि तरी माझ्या खांद्याला ओढ बसत होती. सुरुवातीला पिशवीएवढी, मग बादलीएवढी. आयुष्यभर वजनं वाचलेली, माझी चूक होणं शक्य नाही. मी दुसऱ्या हातानेही धरलं, पाय पलंगाच्या पायाला लावले. स्टूल फरशीवर सरकलं. सिस्टर दारातून म्हणाली, "क्या कर रहे हैं आप?"

दादा माझ्याकडे बघत होते. बांधावर बघत होते तसेच. ओठ हलले. 'सोड' म्हणाले की 'सोडू नको', मला शेवटचा शब्द ऐकू आला नाही.

मग ओढ नव्हती. माझ्या हातात एका म्हाताऱ्या माणसाचा हात होता, बस. सिस्टर धावत आली, तिने पडदा ओढला.

लॅबमध्ये टोकं बघून मी सांगायचो – तुटलं, कापलं, की निसटलं. इथे मी हात सोडला की तो सुटला, हे मला आजही सांगता येत नाही. कशाने ओढलं, ते तर नाहीच. होडी, लाईन, पाणी, डॉक्टरांचे कागद... सगळं पुन्हा पुन्हा मांडून बघितलं. कुणाला काही उमगलं तर सांगा. मला अपेक्षा नाही.

वहिनी अर्ध्या तासाने आल्या. केस ओलेच होते. त्या त्यांच्या पायाशी बसल्या, पायांवरची चादर सारखी केली आणि मला विचारलं, "त्रास नाही ना झाला? शांत गेले ना?"

"हो वहिनी," मी म्हणालो. "एकदम शांत."