मास्तरांचे कान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, अब्बांना नाही, ज्या सलीमबरोबर चार वर्षं एका खोलीत घोरलो त्यालाही नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस.

मी नकलाकार. म्हसळ्याच्या शाळेत हेडसरांचा खोकला असा काढायचो की अख्खा वर्ग उठून उभा राहायचा. पुढे सौदीत, अबकैकच्या तेल कंपनीच्या कंपाउंडमध्ये मिनीबसवर ड्रायव्हर लागलो, तिथेही तेच — कफीलची, म्हणजे आमच्या अरब मालकाची चाल, फोरमनचं 'यल्ला यल्ला', खडखडणारा एसी. पोरं हसून लोळायची.

एकच माणूस फसायचा नाही. बेन्यात मास्तर.

बेन्यात त्यांचं नाव, 'मास्तर' हे मीच चिकटवलेलं, त्यांना आवडायचं. साठी ओलांडलेले, परदेशी इंजिनियरांच्या मुलांना संगीत शिकवायचे. स्पॅनिश म्हटलं की भडकायचे — बास्क! स्पेनच्या वरच्या अंगाचा त्यांचा मुलूख, डोंगर, पाऊस, समुद्र. मला तर आमचं कोकणच वाटायचं. त्यांच्याकडे तीन भोकांची बासरी होती. डाव्या हाताने बासरी, उजव्या हाताने ढोलकं — एकटा माणूस, पण अख्खी मिरवणूक चालल्यासारखं वाटायचं. लढाईच्या भीतीने मुलं मायदेशी गेली, तरी मास्तर राहिले. तीन वर्षं एकच मोठी रचना लिहीत होते.

कशावर? एकदा बसमध्ये सांगितलं होतं. लहान असताना, बाजाराच्या दिवशी, त्यांच्या गावावर विमानं आली. आधी बॉम्ब. मग खाली उतरून पळणाऱ्या माणसांवर गोळ्या. मास्तर बहिणीचा हात धरून पळाले. शेतात पोचले तेव्हा हात हातात होता — बहीण नव्हती.

हे मला माहीत होतं. एवढं ध्यानात ठेव. मला माहीत होतं.

आता त्यांचे कान. मी खिडकीआडून मांजर काढलं, रिव्हर्स येणारा ट्रक काढला, गळका नळ काढला — प्रत्येक वेळी आतून, कागदावरून मान न उचलता, "मुश्ताक." खलास. नकलाकाराला हे किती झोंबतं, कळतंय का तुला? त्यात सलीमने एकदा जेवताना डिवचलं, "आम्हाला हसवण्यात काय मर्दुमकी? त्या म्हाताऱ्याला फसव, मग सलाम." तो बोलून विसरला. मी नाही विसरलो.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत आखाती लढाई पेटली. रोज सायरन. धहरानच्या बाजूला मिसाइल पडलं की आमचे पत्रे थडथडायचे. एकदा खिडकी फुटून काचा सलीमच्या गादीत रुतल्या. गोऱ्यांना गॅसचे मुखवटे मिळाले, आम्हाला ओला टॉवेल. मी त्यावरही हसवायचो — आणि सायरन ऐकत राहायचो. कुठून चढतो, वर किती थरथरतो, कसा उतरतो. बसमध्ये काचा बंद करून घोटला. तुझ्या लक्षात आलंच असेल आता —

दुपार होती. संगीताच्या खोलीच्या मागच्या भिंतीत एसी काढलेलं भोकसं होतं. तिथे पाइपाचा तुकडा लावला, तोंड घातलं आणि सायरन काढला.

चार-पाच सेकंद, मग हसत आत जायचं, असं ठरवलं होतं. पण आतून "मुश्ताक" आलं नाही. खुर्ची पडली. एक किंकाळी आली — मास्तरांचीच, पण लहान पोराची. तेव्हा थांबायला हवं होतं ना? थांबलो नाही. कारण आवाज छान लागला होता. खरंच, एवढंच कारण. पार शेवटपर्यंत नेला, उतरवलासुद्धा नीट.

मग काच फुटली.

मास्तरांनी गॅसचा मुखवटा चढवला होता, त्याची काच धुरकटली असणार. ते बंद दरवाजाच्या काचेतून आरपार गेले होते. डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा फाटलेला. बासरीची भोकं झाकायची दोन बोटं कातड्यावर लोंबत होती. रक्त भिंतीवर, कागदांवर, माझ्या तोंडावर. ते त्यांच्या भाषेत कुणाला तरी हाका मारत होते. मी शर्ट काढून हात बांधला आणि बस हाणली दवाखान्याकडे.

आता ऐक. सगळ्यांनी मला शाबासकी दिली. मॅनेजरने हात पुढे केला. तो घेतला मी.

दुसऱ्या दिवशी सिक्युरिटीचा माणूस वही घेऊन दवाखान्यात आला, मी खाटेशीच होतो. काल दुपारी सायरन झालाच नव्हता. मास्तर म्हणाले, झाला, मी ऐकला. डॉक्टर त्या माणसाकडे बघून हळूच हसला. मास्तरांनी माझ्याकडे मान वळवली. इंग्लिशमध्येच विचारलं, पण हळू, एकेक शब्द —

"मुश्ताक, तू बाहेर होतास. तू ऐकलास ना?"

लढाईत खोटा सायरन म्हणजे इकामा, तिथे राहायचा परवाना रद्द, आधी जेल. हे डोक्यात आलं, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू? त्याच्याही आधी दुसरंच आलं होतं — फसले. शेवटी फसले.

म्हटलं, "नाही मास्तर. काहीच नव्हतं."

मास्तर म्हणाले, "म्हणजे कान गेले." हाताबद्दल एक अक्षर काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांना घरी धाडायचं ठरलं. डोक्यावर परिणाम, असं लिहून. निघायच्या दिवशी मला त्या रचनेचे सगळे कागद उचलायला लावले आणि कंपाउंडच्या मागे कचरा जाळायच्या पिंपाशी घेऊन गेले. जे नाही ते ऐकणाऱ्याने लिहिलेलं जगाला ऐकवायचं कशाला, म्हणाले. त्यांच्या हाताला पट्ट्या, म्हणून काम माझ्याकडे. ते स्टुलावर बसले. मी एकेक पान आत टाकत गेलो.

एकेक पान. म्हणजे बोलायला मला किती वेळ होता, बघ. पहिल्या पानाला बोलता आलं असतं. विसाव्याला. शेवटच्या पाचांना. काही पानांवर रक्त वाळलेलं होतं, ती पेटायला वेळ घेत होती.

मी सळई घेऊन ती ढवळली, नीट जळावीत म्हणून.