ओट्याखालचे दाजी

स्वयंपाकघरातली रिकामी जागा पाहून माझ्या दाजींना जितक्या यातना होतात, तितक्या दाढ दुखूनही दुसऱ्या कोणाला होत नसाव्यात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. उभी हयात येलदरीच्या धरणावर यंत्रं सांभाळण्यात गेली. निवृत्त होऊन बोरीला घर बांधलं, सांभाळायला यंत्र उरलं नाही आणि त्यांची नजर अक्काच्या स्वयंपाकघराकडे वळली. पाहुणे म्हणून कुठं गेले तरी ते बैठकीत टेकत नाहीत. थेट आत जातात, ओट्याखाली वाकतात आणि जिथं कोणाचाच हात पोचत नाही त्या कोपऱ्यात खांद्यापर्यंत हात घालून पाहतात. माझ्या मुलासाठी देवगाव फाट्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हा प्रश्न विचारायच्या वेळी दाजी जागेवर नव्हते. पोहे संपता संपता ते आतून आले, गुडघे झटकले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "पोरगी लय चांगली हाय. पण तुमच्या ओट्याच्या कोपऱ्यात दोन पायल्या जवारीची जागा वाया चाललीय." लग्न जमलं. आहेर म्हणून दाजींनी व्याह्यांच्या ओट्याखाली एक खण बसवून दिला.

स्वतःच्या घरात तर त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. ओटा जिथं वळतो त्या कोपऱ्यात त्यांनी सायकलचं चाक आडवं बसवून त्यावर मसाल्याचे डबे मांडले. चाक हळू फिरवलं की हवा तो डबा समोर यायचा. घाईत फिरवलं की तो अंगावर यायचा. शेजारच्या काकू एकदा वाटीभर हळद मागायला आल्या आणि वाटी पुढं करायच्या आतच त्यांना ती मिळाली. जिन्याखालच्या तिरप्या जागेत चाकांचे खण, त्या खणांमागं आणखी खण, फ्रीज आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत तेलाच्या बाटल्यांचं उभं कपाट. संक्रांतीला अक्का तीळ शोधत होती. सापडले तेव्हा होळी आली होती.

"माझंच घर, अन् मलाच हुडकीत बसावं लागायलंय," अक्का म्हणाली.

"जागा किती निघाली ते बघ की."

"जागा निघाली. सामान कुठं हाय?"

हा प्रश्न दाजींना किरकोळ वाटायचा.

गेल्या वर्षी अक्काला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, चालणं काठीवर आलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, उभी राहिली आणि मागं फिरली. "आता हितं माझं काय काम न्हाई," एवढंच म्हणाली. जेवणाचा डबा शेजारून यायला लागला. अक्का दिवसभर पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडायची आणि विचारलं तरच बोलायची.

काही दिवसांनी मी गेले, तर दाजी ओट्यासमोर खुर्चीवर बसलेले. उजवा हात टॉवेलानं अंगाशी आवळून बांधलेला. डाव्या हातानं ते चहापत्तीच्या डब्याचं झाकण काढत होते. डबा निसटला, चहापत्ती सगळीकडं सांडली. दाजींनी शांतपणे दुसरा डबा ओढला.

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"तिला काय काय जमल ते बघायलोय."

चाक निघालं होतं, खण रिकामे झाले होते. बसल्या बसल्या डाव्या हाताला येईल एवढंच सामान एका उघड्या फळीवर मांडलेलं होतं. बाकी भिंत मोकळी.

"वर लय जागा पडून राहिली की, दाजी."

"राहू दे."

पुढं मी मुक्कामाला असताना एका सकाळी अक्का आपण होऊन उठली आणि काठी टेकत आत गेली. मी मागोमाग निघाले, तर दाजींनी मला ओसरीवर बसवलं. "तिनं हाक मारल्याबिगर उठू नको." आत भांडं पडलं. दाजींनी दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. शेवटी हाक आली.

कपात अर्धा चहा होता, अर्धा ओट्यावर. दाजींनी उभ्यानंच घोट घेतला.

"साखर कमी हाय."

"डबा तुमच्या म्होरंच हाय," अक्का म्हणाली.

दाजींनी डब्याकडं पाहिलं, हात लावला नाही. फिक्का चहा त्यांनी थेंब न ठेवता संपवला आणि कप तिच्यापुढं धरला.

"आणखी हाय का?"