एका खुर्चीपुरता आवाज

डोळ्यांच्या डॉक्टरनं वहिनींना सरळच सांगितलं, "काळ्या कापडावर बल्बच्या उजेडात शिवत राहिलात तर वर्षभरात सुईत दोरा ओवता येणार नाही. दिवसाच्या उजेडात बसा, नाहीतर शिवण सोडा." शिवण सोडा म्हणे! सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते ती काय उगाच? याची पँट आखूड कर, तिची चेन बदल, कुणाचे पडदे शिव, यात बाईचा जन्म गेला. शिवण सोडून काय माश्या मारत बसायचं?

घरात खिडकी एकच, बाहेरच्या खोलीत. वहिनींचं मशीन पूर्वी तिथेच होतं. एकोणीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं कमरेएवढे दोन स्पीकर आणि एक रेकॉर्ड प्लेअर घरात आणले. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मापाला पक्का. खोली दहा बाय बारा, त्यात म्हणे स्पीकर भिंतीला चिकटवायचे नाहीत, आवाज घुमतो. ओढले दोन हात पुढे. मग दोन स्पीकर आणि एक खुर्ची यांचा त्रिकोण, तिन्ही बाजू सारख्या. सुतळीनं माप घेतलं, आणि सुतळीचं दुसरं टोक हौसेनं कुणी धरलं होतं? वहिनींनीच. खुर्चीच्या चार पायांखाली रंगाचे ठिपके उमटले, एक स्पीकर खिडकीच्या तोंडाशी आला, आणि मशीन गेलं मोरीशेजारच्या बोळकंडीत. का, तर "तुझ्या सुईच्या हादऱ्यानं माझी सुई उडते." घ्या! सवत आणली असती तरी परवडली असती, तिनं निदान भांडी तरी घासली असती.

डॉक्टरकडून आल्यावर वहिनींनी विचारलं, "अहो, मशीन खिडकीत आणू का?"

"अगं, सुई उडेल. रेकॉर्डवर चरा पडला की गेली ती कामातून."

"आणि माझे डोळे गेले कामातून म्हणजे?"

"बघू गं काहीतरी," म्हणत तो खुर्चीत बसला आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

रविवारी त्याचा एक दोस्त आला. खुर्चीत बसून 'वा, वा' झालं, चहा झाला. मग दोस्त कुरकुरला, "माझ्याकडे पोरं उड्या मारतात रे, सुई जागेवर राहतच नाही."

"एवढंच ना? प्लेअर टेबलावर ठेवूच नकोस. भिंतीवर फळी ठोक, दोन ब्रॅकेट, अर्ध्या तासाचं काम. खाली हत्ती नाचला तरी सुई हलायची नाही."

बोळकंडीत वहिनींच्या हातातलं कापड तसंच राहिलं. अर्ध्या तासाचं काम! म्हणजे या माणसाला ठाऊक होतं. दोस्ताच्या पोरांनी खुशाल उड्या माराव्यात, आणि बायकोनं एकोणीस वर्षं मोरीच्या ओलाव्यात बसून दोरा चाचपडावा. विसरला असता तर एक वेळ माफ केलं असतं. पण फळी बायकोसाठीही ठोकता येते, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. रागानं वहिनींचे कान तापले.

सोमवारी नवरा कामावर गेला आणि वहिनींनी त्याचं ड्रिल काढलं. भिंतीला चार भोकं पाडली, एक चुकलं, एक सणसणीत शिवी हासडली, पाचवं पाडलं. फळी ठोकली, प्लेअर वर चढवला. खिडकीतला स्पीकर ढकलत पलीकडे नेला, मशीन खिडकीत ओढलं. सुतळीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून ते स्पीकरलाच बांधलं आणि माप घेतलं ते मशीनच्या स्टुलापर्यंत. खुर्ची तेवढी उरली. तिला बोळकंडीशिवाय जागा नव्हती.

मग एक रेकॉर्ड लावली आणि मशीन सुरू केलं. सुई हलली नाही. काळ्या पँटचा टाका न् टाका दिसत होता. आणि गाणं! ही रेकॉर्ड त्यांनी शेकडो वेळा ऐकली होती, पण शेजारच्या घरात कुणी भांडतंय तशी, नुसती गुरगुर. आता बाई समोर येऊन गात होती. तिनं घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. डावीकडे कुणी तार छेडत होतं, उजवीकडे बासरी होती. वहिनींच्या डोक्यात अशी तिडीक उठली की बस्स. भिकार असतं तर म्हटलं असतं, पुरुषाचं खूळ, जाऊ दे. पण हे इतकं सुंदर होतं, माझ्याच घरात होतं, आणि यानं मला एकदाही म्हटलं नाही, ये, बस!

दुपारी नवरा जेवायला आला तो दारातच थबकला. "अगं, हे काय करून ठेवलंस? वेड लागलं का तुला?"

वहिनींनी मशीन थांबवलं नाही. तो फळीकडे बघत राहिला, भोकांकडे, मग सुईकडे. मशीन धडधडत होतं आणि गाणं सरळ चाललं होतं, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. बसायला दुसरी जागा नाही म्हणून तो बोळकंडीत जाऊन खुर्चीत टेकला. थोडा वेळ त्यानं कान देऊन ऐकलं.

"इथून नीट काहीच ऐकू येत नाही गं."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पँटचा दुसरा पाय शिवायला घेतला.