मनातल्या मनात कोळंबी

आईला लकवा मारला त्यात उजवा हात गेला. चालणं-बोलणं दोनेक महिन्यांत बऱ्यापैकी सावरलं, हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. चाळीस वर्षं मरोळच्या बाजारात मासे विकलेली बाई. तिचा एकच प्रश्न होता, "मी परत धंद्यावर बसणार की नाही?"

घरी येणाऱ्या फिजिओने हो किंवा नाही म्हटलं नाही. म्हणाली, "आजी, व्यायामाआधी रोज दहा मिनिटं डोळे मिटायचे आणि मनात हात हलवायचा. ग्लास उचलतेय असं समजायचं."

मी विचारलं, याने होतं काय? ती म्हणाली, हल्ली यावर बरंच संशोधन चाललंय. मनात सराव केला तरी हात हलवणारा मेंदूचा भाग कामाला लागतो. पण नुसतं तेवढ्यावर भागत नाही, व्यायाम हवाच. आणि कुणाला किती गुण येईल हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे शेवटचं ऐकल्यावर माझा तिच्यावर विश्वास बसला.

ग्लासने आईला झोप यायची. मग फिजिओनेच सुचवलं, हाताच्या सवयीचं काम घ्या. आम्ही मनातल्या मनात कोळंबी सोलायची ठरवली. मी मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर लावून शेजारी बसायचे.

तीन आठवडे काही फरक नाही. एका दुपारी आई डोळे मिटूनच कडाडली, "अगं, पाठीतला काळा दोरा राहिला ना आत!"

"कुणाच्या कोळंबीत?"

"तुझ्या! कधी नीट साफ केलीयस?"

म्हणजे इतके दिवस ती मनात मला सोलायला बसवून माझ्या चुका काढत होती. फिजिओला सांगितलं तर ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "आजी, लेकीला उठवा तिथून. तुमची बोटं, तुमचं नख."

"माझी बोटं दिसतच नाहीत गं मला," आई म्हणाली. इतक्या हळू आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाव किलो कोळंबी आणली. एक तिच्या उजव्या तळव्यात ठेवली आणि तिची बोटं माझ्या हाताने मिटली. "आता सांग, डोकं कुठे मोडतेस?"

तिने डोळे मिटले. कपाळावर घाम.

"इथे," ती म्हणाली. माझ्या बोटांखाली तिचा अंगठा जरासा दबला. मला भास झाला असेल म्हणून मी पुन्हा करायला लावलं. पुन्हा दबला.

धंद्याचं तिने विचारलं नाही, मीही काढलं नाही. मोबाइल वाजून गेला तरी मी हात धरूनच बसले.

शेवटी तीच म्हणाली, "सोड आता. माझं मला करू दे."